पंच्याण्णव पैशांचा हट्ट

देणगीदार, कंपनीचा सीएसआर अधिकारी, सरकारी समितीचा सदस्य आणि एसटी स्टँडवर चहा पिणारा माणूस, या सगळ्यांचं स्वयंसेवी संस्थांबद्दल आता एकमत झालं आहे. ते असं: संस्था चांगली की वाईट हे ठरवणं सोपं आहे. ताळेबंद उघडा, पगार, प्रवास आणि कार्यालयभाड्याची बेरीज करा. ती जितकी कमी तितकी संस्था चांगली. दिलेल्या रुपयातले पंच्याण्णव पैसे थेट लाभार्थ्यापर्यंत गेले पाहिजेत. काम वर्षाच्या आत दिसलं पाहिजे, आकड्यात दिसलं पाहिजे आणि फोटोत तर दिसलंच पाहिजे. संस्थांना शिस्त नाही, त्यांनी कंपनीसारखं चालायला शिकावं. आणि ज्याला पगार हवा असेल त्याने सरळ नोकरी करावी, समाजसेवेत येऊ नये.

ऐकायला हे सगळं जबाबदार आणि हिशेबी वाटतं, म्हणूनच ते खपतं. पण जालन्यासारख्या जिल्ह्यात या मताने फार नुकसान केलं आहे. इथे दर काही वर्षांनी टँकर लागतात आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास मंठा, परतूर, घनसावंगीतून ऊसतोडीला बिऱ्हाडं निघतात. अशा ठिकाणी या फूटपट्टीमुळे चांगली कामं उभीच राहत नाहीत आणि उथळ कामांना शाबासकी मिळते. हे मी हवेत बोलत नाही. पुरावा जालना तालुक्यातच आहे.

कडवंची हे गाव आता साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पाणलोटावर बोलणारा प्रत्येक जण तिथे जाऊन येतो. द्राक्षबागा पाहतो, पाचशेहून अधिक शेततळी पाहतो, फोटो काढतो. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेच्या अभ्यासातला आकडा सगळ्यांच्या तोंडी आहे: १९९६ मध्ये वर्षाला सरासरी ४० हजार असलेलं शेतकरी कुटुंबाचं उत्पन्न २०१२ पर्यंत ३ लाख २१ हजारांवर गेलं. त्याच २०१२-१३ च्या दुष्काळात जालना शहरातले लोक नळाच्या पाण्यासाठी पंधरा-पंधरा दिवस वाट पाहत होते आणि कडवंचीतल्या बागा जगल्या होत्या.

हे झालं कसं? इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाचा पैसा नाबार्डमार्फत आला आणि काम उभं केलं मराठवाडा शेती सहाय्य मंडळाने. विजयअण्णा बोराडे यांची ही संस्था. खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्रही तिचंच. पाणलोटाचं मुख्य काम १९९६ ते २००२ या काळात झालं. आता पंच्याण्णव पैसेवाल्यांनी जरा थांबून हे पाहावं की त्या सहा वर्षांत नेमकं काय चाललं होतं.

त्या कार्यक्रमाची रीतच अशी होती की गावाने आधी श्रमदान करायचं, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची, छोट्या तुकड्यावर काम करून दाखवायचं आणि मगच पूर्ण पाणलोटाचा पैसा मिळायचा. चराईबंदीचा ठराव ग्रामसभेत पाच मिनिटांत होतो. पण ज्याच्या दहा शेळ्या गायरानावर जगतात त्याच्या ओट्यावर जाऊन ‘आता शेळ्या बांधून घाल’ हे सांगायचं कुणी? एकदा सांगून कोण ऐकतं? त्याच्या चाऱ्याची सोय काय, हे ठरेपर्यंत पुन्हा पुन्हा जावं लागतं. पुढचं काम त्याहून किचकट. गट नंबर घेऊन प्रत्येक शेतात जायचं, नवरा-बायको दोघांना बांधावर उभं करायचं, मातीची खोली बघायची, उतार मोजायचा, बांध कुठून जाणार आणि त्यात कुणाचे किती गुंठे जाणार हे तिथेच ठरवायचं. वरच्या भावाचं पाणी खालच्या भावाच्या शेतातून काढायचं असेल आणि दोघं दहा वर्षं एकमेकांशी बोलत नसतील, तर त्या एका बांधासाठी चार संध्याकाळी जातात.

ताळेबंदात या चार संध्याकाळी कुठे दिसतात? ‘मानधन व प्रवास’ या रकान्यात. म्हणजे ज्याला आजचे हिशेबतपासनीस वायफळ खर्च म्हणतात, त्याच रकान्यात. आणि माती हलवणारं यंत्र दिसतं ‘प्रत्यक्ष कार्यक्रम खर्च’ या मानाच्या रकान्यात. बांध यंत्राने घातला हे खरं. तो योग्य जागी पडला, कुणी फोडला नाही, पावसाळ्यानंतर शेतकऱ्याने स्वतः दुरुस्त केला, हे मात्र त्या चार संध्याकाळींमुळे झालं. तेव्हा माझा सरळ प्रश्न आहे: १९९६ मध्ये कडवंचीचा प्रस्ताव आजच्या फूटपट्टीसमोर आला असता तर मंजूर झाला असता का? पहिलं वर्षभर बैठका, श्रमदान आणि एका तुकड्यापुरतं काम. उद्घाटनाला फलक नाही, दाखवायला तलाव नाही. पहिल्याच आढाव्यात फाईल बंद झाली असती.

रुपयातले पंच्याण्णव पैसे ‘जमिनीवर’ घालण्याचं टोक काय असतं, तेही आपण पाहिलं आहे. जलयुक्त शिवार योजनेवर ९,६०० कोटींहून जास्त रुपये खर्च झाले. नाले खोल झाले, रुंद झाले, मोजमाप पुस्तिका भरल्या. २०२० मध्ये महालेखापालांचा अहवाल आला आणि त्याने सांगितलं की गावं पाण्याबाबत स्वयंपूर्ण करण्यात आणि भूजल पातळी वाढवण्यात या खर्चाचा फारसा परिणाम झाला नाही. पैसा तर जमिनीवरच गेला होता. मग कमी काय पडलं? गावात बसणारी माणसं कमी पडली.

यावर लगेच कायदा दाखवला जातो. ‘आमच्या हातात काही नाही, प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे.’ हे वाक्य संस्थांच्या माणसांना अनेकदा ऐकवलं जातं आणि बिचारे मान खाली घालून अंदाजपत्रकातून पगार कापून आणतात. ज्यांनी हे ऐकलं असेल त्यांनी नियम उघडून वाचावा. सीएसआरच्या नियमांमधली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारावरच्या खर्चाला आहे. प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेच्या कार्यकर्त्याचा पगार, त्याचा पेट्रोलखर्च, त्याच्या हिशेबनिसाचं वेतन यांना ती लागूच नाही. कंपनीवरचा लगाम उचलून संस्थेच्या तोंडात घालायचा आणि वर कायद्याचं नाव सांगायचं, हा अन्याय आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात मात्र २०२० ची दुरुस्ती खरोखरच कठोर आहे: प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आणि एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला तो निधी देण्यावर बंदी घातली. परिणाम उघड आहे. पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थेकडे आलेला परदेशी पैसा जाफराबादच्या छोट्या मंडळापर्यंत पोचवण्याची वाट बंद झाली. मोठं तगलं, छोटं सुकलं.

अमेरिकेत देणगीदारांना संस्था निवडायला मदत करणाऱ्या तीन मोठ्या मूल्यांकन संस्थांनी २०१३ मध्येच जाहीर पत्र काढून सांगितलं की प्रशासकीय खर्चाच्या टक्केवारीवरून संस्थेची लायकी ठरवू नका. भारतात ब्रिजस्पॅन या सल्लागार संस्थेने ४० नामांकित संस्थांचे हिशेब तपासले तेव्हा अप्रत्यक्ष खर्च ५ टक्क्यांपासून ५१ टक्क्यांपर्यंत निघाला. मधला आकडा १९ टक्क्यांचा. म्हणजे ज्यांचं नाव आपण आदराने घेतो त्या संस्थांनाही पाच टक्क्यांत भागत नाही. मग मंठ्याच्या संस्थेने कसं भागवायचं? तिने दोनच गोष्टी करायच्या राहतात: माणसं उपाशी ठेवायची, नाहीतर हिशेबात खोटं लिहायचं. आपल्या आग्रहाने आपण प्रामाणिक माणसाला या दोन्हींपैकी एक निवडायला लावतो आणि मग ‘संस्था खोटे हिशेब देतात’ असं म्हणतो.

पगाराबद्दल अजून बोलायला हवं, कारण सगळ्या मतांच्या मुळाशी तोच राग आहे. ‘सेवाभाव असेल तर पगार कशाला?’ जालना बियाण्यांचं गाव आहे. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाल्यांनी इथे महिको सुरू केली आणि त्यानंतर बियाणे उद्योगाने इथे पाय रोवले. कृषी पदवी घेतलेल्या जालन्याच्या मुलासमोर बियाणे कंपनी असते, खत-औषधांची कंपनी असते, कृषी सेवकाची परीक्षा असते आणि शेवटी संस्था असते. संस्थेतला पगार प्रकल्पाबरोबर सुरू होतो आणि प्रकल्पाबरोबर संपतो. भविष्य निर्वाह निधीचं नाव काढलं की अंदाजपत्रक परत येतं. त्या मुलाचे आईवडील लग्नाचं बोलणं काढतात, मुलीकडचे विचारतात ‘नोकरी कायम आहे का?’, आणि दोन वर्षांत तो कंपनीची मोटारसायकल घेऊन निघून जातो. त्याला दोष कोण देणार?

तो गेला की त्याच्याबरोबर काय जातं ते कुठल्याच अहवालात येत नाही. कोणत्या गटात बांधावरून वाद आहे, कोणत्या वस्तीवर सरपंचाला सोबत नेलं तर बायका तोंड उघडत नाहीत, कोणत्या विहिरीचा झरा फेब्रुवारीतच तुटतो, कोणत्या घरातली मुलगी शाळेतून काढण्याच्या बेतात आहे. हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. नवा मुलगा येतो तो शून्यापासून सुरुवात करतो, आणि गाव त्याला बघून म्हणतं, ‘हा पण जाणार.’ संस्था चालवणं अवघड का असतं याचं सगळ्यात मोठं उत्तर हे आहे. व्यवस्थापनाच्या कार्यशाळा घेऊन ते सुटत नाही. पगार दिल्याने सुटतं.

आता कंपनीसारखी शिस्त. कंपनीत पैसे देणारा आणि माल वापरणारा एकच असतो. साबण वाईट निघाला तर गिऱ्हाईक दुसरा घेतं आणि महिन्याभरात कंपनीला कळतं. संस्थेत पैसे देणारा मुंबईत असतो आणि काम ज्याच्यासाठी तो माणूस घनसावंगी तालुक्यातल्या तांड्यावर. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवलं आणि तिथली भाजी रोज पाणचट असली, तर ते मूल काय करणार? त्याचे आईबाप शेकडो कोसांवर फडात आहेत. ते वसतिगृह बदलू शकत नाहीत, पैसे परत मागू शकत नाहीत, देणगीदाराचं नावही त्यांना ठाऊक नसतं. देणगीदाराला मात्र ताटात वाढलेल्या जेवणाचा फोटो मिळतो आणि तो समाधानी असतो. म्हणून संस्थेला कंपनीपेक्षा वेगळी आणि जास्त कडक व्यवस्था लागते: लाभार्थ्याचं ऐकून घेणारी, त्याला न घाबरता बोलू देणारी. त्यालाही माणूस लागतो. आणि त्या माणसाचा पगार पुन्हा पंच्याण्णव पैशांच्या हट्टात कापला जातो.

शिवाय कंपनी म्हणजे शिस्त, हे तरी कुठे खरं? कंपनीचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, म्हणून निधीची पत्रं जानेवारी-फेब्रुवारीत सुटतात आणि ‘मार्चअखेर खर्च दाखवा’ असा निरोप येतो. जालन्यात बांधबंदिस्तीचं काम रब्बी निघाल्यावर सुरू होतं आणि मृग लागायच्या आत उरकावं लागतं. रोपं जून-जुलैत लागतात. मार्चमध्ये खर्च दाखवायचा म्हणजे उन्हात रोपं घ्यायची, नाहीतर वह्या-दप्तरं वाटायची. कायदा याच्या आड येत नाही. चालू प्रकल्पाचा न खर्चलेला निधी वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरण्याची सोय कंपनी कायद्याच्या कलम १३५ मध्ये आहे. ती न वापरणं हा निव्वळ आळस आहे.

मूल्यमापनाचं तर आपण पार मातेरं केलं आहे. गावातलं प्रशिक्षण कसं होतं ते एकदा बसून पाहा. समाजमंदिरात मागे फलक लावलेला असतो, त्यावर देणगीदाराचं बोधचिन्ह फोटोत पूर्ण आलं पाहिजे म्हणून बायकांना दोनदा सरकवलं जातं. खुरपणी सोडून आलेल्या त्या बायकांची मजुरी बुडालेली असते. आधी सह्यांचं रजिस्टर फिरतं; ज्यांना सही येत नाही त्यांचा अंगठा, आणि शाई पुसायला पदर. मग कार्यकर्ता मोबाईलवर ठिकाणाची नोंद असलेला फोटो काढतो, रेंज नसल्याने तो जात नाही, म्हणून तो टाकीवर चढतो. खाली बायका एकमेकींशी बोलत असतात आणि त्या बोलण्यात गावाचे खरे प्रश्न असतात, पण ते ऐकायला कार्यकर्ता तिथे नसतो. अहवालात जातं: ४० महिला प्रशिक्षित. या ४० मधल्या किती जणींनी पुढच्या हंगामात काही वेगळं केलं, हे विचारायला कुणीच परत येत नाही. त्यासाठी निधी नाही!

खरं मूल्यमापन कसं असतं हे पाहायला लांब जायला नको. अंबडच्या शेजारी, पैठण तालुक्यातल्या पाचोडला डॉ. अशोक दयालचंद यांच्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेने किशोरवयीन मुलींसाठी जीवनकौशल्याचे वर्ग चालवले. १९९७ ते २००१ या काळात कार्यक्रमाच्या गावांमध्ये मुलींच्या लग्नाचं मध्यम वय १६ वरून १७ झालं. या संस्थेने शेजारच्या, कार्यक्रम नसलेल्या गावांशी तुलना केली, म्हणून हा बदल आपोआप झाला नाही हे सांगता आलं. आजच्या आढावा बैठकीत हा आकडा ठेवला तर कुणीतरी म्हणेल, ‘चार वर्षांत फक्त एक वर्ष?’ त्या एका वर्षात मुलगी दहावी होते. तिच्या पहिल्या बाळंतपणात तिचं शरीर एक वर्षाने जास्त तयार असतं. ज्याला हे ‘फक्त’ वाटतं त्याने मुलींसाठी काम करणाऱ्या संस्थांचा निकाल लावू नये.

आणि कडवंचीलाही कठोर प्रश्न विचारावेत, जरूर विचारावेत. उत्पन्नाच्या त्या सरासरीत भूमिहीन मजुराचं घर कुठे आहे? शेततळी पावसाच्या वाहत्या पाण्याने भरतात की विहिरींमधून उपसून? बांधबंदिस्ती, शेततळ्यांचं सरकारी अनुदान, कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला, द्राक्षाचा बाजार आणि शेतकऱ्याची हिंमत यांतलं कशाचं किती श्रेय? तितक्याच पावसाच्या शेजारच्या गावाची त्याच वर्षांतली स्थिती काय होती? हे प्रश्न अवघड आहेत आणि त्यांची उत्तरं मिळवायला वर्षं, पैसा आणि माहीतगार माणसं लागतात. मी मूल्यमापनाच्या विरोधात नाही. स्वस्त मूल्यमापनाच्या विरोधात आहे. जो देणगीदार ‘तीन वर्षांत अशी पन्नास गावं करून द्या’ म्हणतो, त्याला कडवंची हवी असते, पण कडवंचीला लागलेली वर्षं नको असतात.

राहिला शेवटचा आरोप: ‘संस्थांचा हिशेब कुणी विचारत नाही.’ महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली दरवर्षी लेखापरीक्षण, विश्वस्त बदलला की बदल अर्ज, मालमत्ता विकायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी. आयकराची नोंदणी आता ठरावीक वर्षांनी नव्याने, प्रत्येक देणगीदाराचं विवरण वेगळं. सीएसआरसाठी कंपनी खात्याकडे वेगळी नोंदणी, परदेशी निधीसाठी दिल्लीच्या एकाच बँक शाखेत खातं. हिशेब विचारणारे भरपूर आहेत. बोगस संस्थाही आहेत, त्यांना कायद्याने तुरुंगात घाला. धर्मादाय कार्यालयांना पुरेशी माणसं द्या म्हणजे प्रकरणं वर्षानुवर्षं पडून राहणार नाहीत. पण चोर पकडायचं काम प्रामाणिक कार्यकर्त्याचा पगार कापून होत नाही. चोराचा ताळेबंद नेहमीच नीटनेटका असतो. पंच्याण्णव पैसे दाखवणं त्याला सगळ्यात सोपं.

जालन्याच्या लोखंड आणि बियाणे उद्योगात दान करण्याची ऐपत आहे आणि दानतही आहे. या शहराने पाण्यासाठी वर्गणी काढून तलावाचा गाळ उपसलेला आहे. म्हणून माझं मागणं त्यांच्यापुढेच आहे. पैसा द्याल तेव्हा एका वर्षाचा देऊ नका, किमान पाच वर्षांचा शब्द द्या. अंदाजपत्रकात कार्यकर्त्याचा पगार, त्याचा भविष्य निर्वाह निधी, हिशेबनीस आणि नंतरच्या मूल्यमापनाचा खर्च स्वतःहून घाला. संस्थेला तो मागायला लावू नका. फलकावरचं बोधचिन्ह लहान ठेवा. प्रकल्प संपल्यावर पाच वर्षांनी त्याच गावात पुन्हा माणूस पाठवा, आणि त्याला मे महिन्यात पाठवा, पाऊस कमी झालेल्या वर्षी पाठवा. त्याने सरपंचाच्या घरी चहा घेण्याआधी हापशावर जावं, तिथल्या बाईला विचारावं आणि ती जे सांगेल तेच आधी लिहून आणावं.